एकोपा सोसायटीची एकात्मता सहल: डोंबिवली ते येऊर

आमच्या सोसायटीनं सहल काढली ती दूरदर्शनमुळे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. टीव्ही लावला की बातम्यांच्या आधी, बातम्यांच्या नंतर आणि मधल्या व्यत्ययातसुद्धा कुणीतरी आपल्याला बजावून सांगायचं की आपण सगळे एक आहोत. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या 'एकोपा' सोसायटीत बारा बिऱ्हाडं होती. जिन्यात समोरासमोर आलो तर भिंतीकडे बघत खाली उतरायचं, याबाबत त्या बाराही बिऱ्हाडांचं एकमत होतं. हे आमचे सेक्रेटरी दामले यांना एकदम खटकलं आणि एका सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात नोटीस लागली.

"एकात्मता सहल. स्थळ: येऊर. रविवार, सकाळी सात. माणशी वीस रुपये, मुलांना दहा. प्रत्येक कुटुंबाने आपल्या समाजाचा एक पदार्थ सर्वांसाठी आणावा. आहार शुद्ध शाकाहारी. पोशाख पारंपरिक."

माझी अडचण शेवटून दुसऱ्या वाक्यात होती. मी कोळी, आडनावानं आणि जातीनंही. ठाण्याच्या खाडीकाठी आमचं घर, पण तीन भावांची लग्नं झाल्यावर तिथे पाय पसरायला जागा उरली नव्हती. म्हणून मी आणि माझी विधवा आई दोन वर्षांपासून इथे पहिल्या मजल्यावर लालवाणी नावाच्या सिंधी गृहस्थांच्या ब्लॉकमध्ये भाड्यानं राहत होतो. लालवाणींना आता ब्लॉक विकायचा होता, आम्हाला घ्यायचा होता. आईनं आपल्या सोन्याच्या पाटल्या मोडून बयाणा दिलेला. राहिलं होतं फक्त सोसायटीचं सभासदत्व. ते नसेल तर कर्ज नाही, कर्ज नसेल तर ब्लॉक नाही, आणि बयाणा बुडाला तो बुडालाच. त्याचा निर्णय सोमवारच्या मीटिंगमध्ये व्हायचा होता. सहल रविवारी होती.

भाडेकरू म्हणून कोळी चालतो. मालक म्हणून यायचा म्हटला की विचार करावा लागतो. दामल्यांनी तो विचार मला जिन्यात बोलून दाखवलेला. "अहो, आमच्यात तसं काही नाही हो. जातबीत आम्ही मानत नाही. फक्त जरा, काय म्हणतात ते, वातावरण." वातावरण म्हणताना त्यांचं बोट आपोआप नाकाकडे गेलं.

त्यांच्या वातावरणासाठी आम्ही काय काय केलं म्हणून सांगू! आई खिडक्या लावून, दोन उदबत्त्या पेटवून मग म्हावरं शिजवायची. म्हावरं म्हणजे मासे. ते मी ठाण्याहून ऑफिसच्या ब्रीफकेसमधून आणायचो. एकदा साहेबांनी फाईल नाकाशी नेली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि सभ्य दिसण्यासाठी काहीही करायला तयार होतो.

शुक्रवारी दामले स्वतः आमच्या दाराशी आले. आत आले नाहीत, ते कधीच येत नसत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "आईंना म्हणावं, छान लुगडं नेसून या. आणि एखादा कोळी नाच झालाच पाहिजे बरं का!"

"मी काय तमाशातली हाय?" ते गेल्यावर आई म्हणाली.

डोंबिवलीला कोळी नाच भारी आवडतो. दामल्यांची नात दरवर्षी शाळेच्या गॅदरिंगला कोळीण व्हायची. डोक्यावर पाटी, पाटीत पुठ्ठ्याची पापलेटं. सगळी इमारत टाळ्या वाजवायला जायची. पुठ्ठ्याच्या पापलेटांचा वातावरणाला त्रास नव्हता.

शनिवारी आईनं विचारलं, "काय करू रं नेवाला?" मी म्हटलं, "काय पण कर, फक्त म्हावरं नको. आई, पाया पडतो, म्हावरं नको." ती म्हणाली, "येकदा सांगितलंस, कललं मना. वालवांगं करते." वाल आणि वांग्याची भाजी. मी निश्चिंत झालो.

रविवारी सातची बस आठला निघाली, हे सांगायला नकोच. बस भिवंडीच्या एका मालकाची, ड्रायव्हर युसूफभाई, खाडीपलीकडच्या कोन गावचे. चढल्या चढल्या मंडळी आपापल्या माणसांशेजारी बसली. उजवीकडे मराठी, त्यातही पुढे देशावरचे आणि मागे कोकणातले. डावीकडे गुजराती, म्हणजे रमणीकभाई आणि त्यांचे नातेवाईक. मागच्या बाकावर मणी कुटुंब आणि आम्ही. दामल्यांनी हुकूम सोडला, "मंडळी, मिसळा! मिसळा!" सगळे उठले, मिसळले, फोटो निघाला आणि पुन्हा जागच्या जागी जाऊन बसले. तो फोटो पुढे कितीतरी वर्षं सोसायटीच्या ऑफिसात लावलेला होता.

पहिला थांबा विठ्ठलवाडी, लालवाणींना घ्यायला. वीस रुपये भरलेत आणि अजून सभासद आहे, म्हणजे सहलीला येणार, असा त्यांचा साधा हिशोब. हातात पालक-डाळीच्या साई भाजीचं पातेलं आणि पापडांची चळत घेऊन ते चढले. दामल्यांनी लगेच एकात्मता सुरू केली.

"लालवाणी, तुम्ही मूळचे कुठले?"

"इधर का. कल्याण कॅम्प में पैदा हुआ."

"ते झालं हो. पण मूळचे?"

"बाप लारकाना का."

"हां! म्हणजे सिंधचेच तुम्ही."

लालवाणी पातेलं मांडीवर घेत म्हणाले, "साईं, अडतीस साल से मैं इधर, और तुम मेरे को उधर भेजता है. उधरवाले ने मेरे बाप को इधर भेजा. टिकट कौन निकालेगा, वो बोलो."

सगळे हसले. दामलेही हसले आणि मणीसाहेबांकडे वळले. मणी बँकेत ऑफिसर होते, पालघाटचे. सहा वर्षं ते सांगत होते की पालघाट केरळात आहे, आणि सहा वर्षं दामले समजूतदारपणे मान डोलवत म्हणत होते, "म्हणजे मद्रासच." रमणीकभाईंचे आजोबा कल्याणात दुकान टाकून बसले तेव्हा दामल्यांचे वडील अजून रत्नागिरीत होते. तरी रमणीकभाई मराठीत बोलायचे आणि दामले त्यांना हिंदीत उत्तर द्यायचे. पाहुण्यांशी त्यांच्या सोयीनं बोलावं, असा त्यामागे मोठेपणा होता.

तुम्ही हा रस्ता आज गाडीनं कराल तर पत्री पूल, कल्याण, दुर्गाडीचा पूल, कोन, भिवंडी, कशेळी, माजिवडा असा जा. तेव्हा खड्डे कमी नव्हते, पण गाड्या कमी होत्या. दोन तासांत माजिवडा यायचं. कोन जवळ आलं तसा युसूफभाईंनी वेग वाढवला. दामले पुढे गेले. "ओ भैया, गाडी जरा धीरे चलाना."

"काका, हलूच चाललोय," युसूफभाई म्हणाले. "ह्यो रस्ता मना पोरपनापासना म्हाईत हाय."

"अरे वा! तुम्ही मराठी छान बोलता हो!"

"तुमची पन बरी हाय," युसूफभाई म्हणाले आणि गिअर बदलला.

दामल्यांना ते कौतुक वाटलं. परत येताना त्यांनी चार जणांना सांगितलं की ड्रायव्हर मुसलमान आहे, पण फार चांगला माणूस आहे.

भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट बसच्या आवाजाला मागे टाकत होता. कशेळीच्या पुलावर खाडीला ओहोटी होती, चिखलाचा वास आत आला आणि खटाखट काचा खाली पडल्या. आमची एकच खिडकी उघडी राहिली. आईनं बाहेर तोंड काढून डोळे मिटले होते. माझ्या मनात आलं की लोक बघतील, म्हणून मी तिला हळूच आत ओढलं. हे लिहायला मला लाज वाटते, म्हणूनच लिहितोय.

माजिवड्याला हायवेच्या कडेला टपरीवर थांबलो. रुपयाला वडापाव आणि सोबत तिखटजाळ चटणी. टपरीवाला उत्तर प्रदेशचा, वडा मराठी आणि पाव इराणी बेकरीचा. यावर दामल्यांनी छोटं भाषण केलं आणि सुट्टे पैसे नसल्याचं सांगून टपरीवाल्याशी वाद घातला. मग उपवनवरून घाट चढून येऊर. जानेवारीचं ऊन, झाडाखाली गारवा. वाटेवर वारली बायका पाटीत बोरं घेऊन बसल्या होत्या. "किती साधी माणसं, खरे भूमिपुत्र!" असं म्हणून आमच्या मंडळींनी चार आण्यांच्या वाट्यावर दोन मुठी बोरं फुकट मागून घेतली.

बाराला ताडपत्री अंथरली, पत्रावळी मांडल्या. दामल्यांच्या सूनबाई सुलूवहिनींचा मसालेभात, मणींच्या घरचा चिंचेचा भात, ढोकळा, साई भाजी, आणि मध्यभागी आईचं मोठं जर्मनचं पातेलं. आधी प्रत्येकानं शिष्टाचारापुरती चमचाभर वालवांगं घेतलं. मग लोक पातेल्याकडे सरकायला लागले. रमणीकभाईंनी ढोकळा बाजूला सारला. मणींनी भाजीत चिंचेचा भात कालवला. दामल्यांनी तीनदा वाढून घेतली आणि बोट चाटत म्हणाले, "वहिनी, काय चव आहे! याला म्हणतात सात्त्विक अन्न!"

आई पदर तोंडाला लावून हसत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा या माणसांपैकी कुणी तिच्याशी चार शब्द बोललं होतं.

दामल्यांच्या मातोश्री, आजी, थोड्या लांब सतरंजीवर बसल्या होत्या. वय पंचाहत्तर, सोवळं कडक, दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसत. सोबत घरचा डबा आणि घरच्या पाण्याची कळशी. दामल्यांनी आमच्या भाजीची वाटी भरली, आजींजवळ नेली आणि वाकून म्हणाले, "आई, ही घे. सुलूनं केलीय." मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो, मला स्वच्छ ऐकू आलं. आजींनी खाल्ली. मग दामले सगळ्यांकडे वळून गरजले, "बघा मंडळी! माझ्या आईनं, या वयात, कोळ्यांच्या घरचं अन्न खाल्लं! एकात्मता म्हणतात ती ही!" टाळ्या पडल्या. आजींना एका कानानं ऐकू येत नसे आणि भाषण त्या कानाच्या बाजूनं झालं. टाळ्या कसल्या म्हणून त्यांनी विचारलं नाही, शांतपणे ताकभात कालवत राहिल्या.

मीही टाळ्या वाजवल्या. उद्या मीटिंग होती.

युसूफभाई बसच्या पायरीवर एकटे जेवत होते. त्यांना ताडपत्रीवर बोलवायचं एकात्मतेच्या कार्यक्रमात राहून गेलं होतं. आईनंच पत्रावळ भरून पाठवली होती. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाले, "आईचे हाताला काय चव हाय राव! सुकट भाजून मंग कुटलीय ना? आमचेकडं पन अशीच टाकतान."

मी तांब्या तिथेच पायरीवर ठेवला. सुकट म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी.

आईला झाडामागे नेलं. "आई, भाजीन सुकट हाय?"

"हाय ना."

"अगं, मी म्हणालो होतो म्हावरं नको!"

"मंग म्हावरं कुठं घातलंय?" आई माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. "सुकट काय म्हावरं हाय? ती तं मसाल्याचे डब्यान असते. सुकटीबिगर वालवांगं पानचाट लागंल, लोकांला काय ते घालाचं?"

आता कुणी हसेल तर हसू दे, पण आमच्या घरात हे इतकं साधं होतं. म्हावरं म्हणजे ज्याला डोकं-शेपूट असतं, जे ओलं असतं, ज्याच्या भावावरून भांडण होतं. सुकट भाजायची, कुटायची आणि हळद-तिखटाशेजारच्या डब्यात भरायची. पालेभाजीत चिमूटभर, वालात मूठभर. माझी आज्जी संकष्टीला म्हावरं खात नसे, पण तिच्या भाजीला सुकट असायची, आणि गणपतीनं कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. मी स्वतः सत्तावीस वर्षं ती भाजी खात होतो. त्यात काय असतं हे मी कधी विचारलं नव्हतं. जो माणूस ब्रीफकेसमधून मासे लपवून नेतो त्यानं निदान एवढं तरी विचारायला हवं होतं.

मी समजावून सांगितलं, की या लोकांच्या हिशोबी हे मटणच. आईचा चेहरा उतरला. मला वाटलं तिला पाटल्या आठवल्या. ती म्हणाली, "आजींनी खाल्ली रं."

तेवढ्यात दामल्यांची हाक. "चला, आता कोळी नाच!" आईनं पाय दुखत असल्याचं सांगितलं. मग मंडळींनी स्वतःच फेर धरला. मणी, रमणीकभाई, लालवाणी, सगळे पोटात सुकट घेऊन हवेत वल्ही मारत होते. आणि कोळी म्हणून सगळ्यांच्या पुढे मी. माझ्या बापानं चाळीस वर्षं होडी वल्हवली, पण त्याचा हात असा कधी हलला नव्हता. एका काकूंनी माझ्याकडे बघून शेजारणीला सांगितलं, "यांच्या रक्तातच असतं हो."

परतीचा रस्ता ठाणे, कळवा, मुंब्रा, शीळफाटा. ठाण्यात तलावपाळीला भेळ खाऊन, नावेत बसून झालं. लालवाणी तिथूनच ट्रेन पकडून विठ्ठलवाडीला गेले. मुंब्रा आलं तशा बसमधल्या भेंड्या थांबल्या आणि काचा पुन्हा खाली आल्या. युसूफभाईंनी चहासाठी गाडी उभी केली. "इथे कशाला?" असा प्रश्न बसभर फिरला. आई आणि मणीसाहेब, दोघंच उतरले, त्यांच्या मागे मी. चहा फक्कड होता. मुंब्र्याला जाल तेव्हा स्टेशनच्या अलीकडे उतरून प्याच.

मणीसाहेब कप घेऊन लांब गेले तशी बशीतला चहा फुंकत आई म्हणाली, "घरी गेल्याव सगल्यांला सांगते."

"आई, पाटल्या गेल्यात तुझ्या. उद्या मीटिंग आहे."

"म्हाईत हाय."

"सांगायचंच असेल तर मंगळवारी सांग!"

"दुसऱ्याचे पोटान आपन घातलं, ते आपन सांगाला नको?" तिनं बशी ठेवली. "मंगलवारी काय कमी घातलेलं होनार हाय?"

तिन्हीसांजेला बस इमारतीपाशी लागली. आईनं पाय धुतले, देवाला दिवा लावला आणि जिना चढायला लागली. मागोमाग मी, तिला थांबवायचं की सोबत द्यायची हे ठरत नसताना.

पहिलं दार रमणीकभाईंचं. आईनं सरळ सांगितलं, हात जोडले. रमणीकभाईंनी मागे वळून बघितलं, बाहेर येऊन दार ओढून घेतलं. "माजी, थई गयू ते थई गयू. अजाणतेपणी झालं, भगवान माफ करेल. पण मणीसाहेबाला बोलू नका. तो मद्रासी ब्राह्मण माणूस, आम्हाला हसेल."

दुसरं दार मणींचं. "अम्मा, ओके, ओके. मुंबईत एवढं चालतं. पण प्लीज, रमणीकभाईला नका सांगू. वो लोग बहुत स्ट्रिक्ट है. पूरा बिल्डिंग में बात करेगा."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, मला शंका आलीच होती, पण दामल्यांनी खाल्ली म्हणून मी खाल्ली, आता कृपा करून त्यांना कळू देऊ नका. चौथ्या घरीही तेच. आई देवाधर्माचं भय घेऊन दारोदार गेली होती आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला भय शेजाऱ्याचं होतं. देवाचं नाव रमणीकभाईंनी तेवढं काढलं, तेही दार लावून.

शेवटी दामले. ऐकताना त्यांचा रंग बदलत गेला. तीनदा वाढून घेतलेलं आठवत असावं. मग त्यांनी आम्हाला गॅलरीच्या कोपऱ्यात नेलं आणि कुजबुजले, "हे बघा, माझं एक वेळ ठीक आहे. पण माझ्या आईला कळता कामा नये. कुठल्याही परिस्थितीत. ती या वयात अन्न सोडून बसेल. तुम्ही हे पोटात ठेवा, उद्याच्या मीटिंगचं मी बघतो. एकमतानं करून देतो, झालं?"

"झालं, झालं," मी म्हणालो. आईचं गप्प बसणं म्हणजे होकार असं मी स्वतःला समजावलं.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून येताना मी पेढे आणले. आई दारात बसली होती. म्हणाली, "दुपारी जाऊन आजींला सांगून आले. सुकट व्हती ते, आनि भाजी मी केलेली ते."

पेढ्यांचा पुडा मी जमिनीवर ठेवला. मी तिच्यावर ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा. पाटल्या, कर्ज, घर, सगळं ओरडून झालं. "काय म्हणाल्या त्या?" मी शेवटी विचारलं.

"काय नाय. देव्हाऱ्यापुढं जाऊन बसल्या."

मीटिंगला गेलो तो मान खाली घालूनच. दामले यायला उशीर झाला. आले ते म्हणाले, आमच्या आईचं पोट जरा बिघडलंय, काही खात नाहीये, बसमधल्या धक्क्यांनी असेल. मग त्यांनी आमचा अर्ज वाचला. मी डोळे मिटून घेतले. ठराव एकमतानं मंजूर झाला. रमणीकभाईंनी अनुमोदन दिलं, मणींनी टाळी वाजवली. प्रत्येकजण माझ्याकडे बघून किंचित हसला आणि मग पटकन दुसरीकडे बघायला लागला. दामल्यांनी इतिवृत्तात लिहिलं की सहलीमुळे सभासदांमध्ये परस्परविश्वास वाढला आहे.

आजी तीन दिवस उपाशी होत्या, दूध-पाण्यावर. चौथ्या दिवशी सकाळी, दामले कामावर गेल्यावर, कठडा धरत त्या खाली आल्या आणि आमच्या दारात उभ्या राहिल्या. आमच्या घरात कुणी वरच्या मजल्यावरून यायची ही पहिलीच वेळ. मला ऑफिसला उशीर झाला होता, पण पाय निघेना.

"बसा आजी," आई गडबडीनं चटई टाकत म्हणाली.

"बसते. पाणीबिणी मात्र नको. तुमच्याकडचं मला चालत नाही, राग मानू नका."

"राग कनाला?"

आजी बसल्या. दम खाऊन म्हणाल्या, "सुलूनं केलीय म्हणाला आणि मी खाल्ली. सुलूला साधं मीठ कळत नाही, मला पहिल्या घासालाच उमगायला हवं होतं." मग पदर सारखा करत, "मला हे कळलंय असं बाळला समजलं असतं, तर सोमवारी संध्याकाळी त्यानं तुमचा अर्ज बाजूला ठेवला असता. माझा मुलगा आहे, मी ओळखते त्याला. म्हणून म्हटलं, पोटात दुखतंय. आता तुमचं काम झालंय ना? मग झालं."

आईला रडू आलं. आजींनी तिच्या अंगाला हात लावला नाही, पण उठल्याही नाहीत. तासभर बसल्या.

तुम्हाला हीच सहल करायची असेल तर आज फार सोपी आहे. माजिवड्याला पुलांचं जाळं झालंय, मुंब्र्याला बाहेरून रस्ता काढलाय. तिथे थांबायची आता कुणालाच गरज पडत नाही. येऊरच्या वाटेवर वनखात्याचा नाका आहे, वेळा आधी विचारून घ्या. पाणी घरून न्या.

त्या सहलीतून काय उरलं, याचा मी पुष्कळदा विचार करतो. घर मिळालं, ते अजून आहे. दामले पुढे दर सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली "आमचे कोळीबांधव" म्हणून माझ्या पाठीवर हात ठेवत राहिले आणि आमच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. आजी मात्र रोज दुपारी तीन वाजता यायच्या. अकरा वर्षं. चटईवर बसायच्या, आईसोबत वाल सोलायच्या, सुलूवहिनींच्या तक्रारी सांगायच्या, आणि घरचा तांब्या सोबत आणायच्या. आमच्याकडचं घोटभर पाणी त्या कधी प्यायल्या नाहीत. मला त्याचा संताप यायचा. एकदा मी आईला म्हणालोही, जिला आपलं पाणी चालत नाही तिला घरात कशाला घेतेस? आई म्हणाली, "ती मना तोंडाव बोलली."

हे एकात्मतेत धरायचं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी चिडतो तो चिडतोच. पण आजी गेल्या तेव्हा दामल्यांच्या घरी दहाव्या दिवशी टीव्ही लागला होता, आणि आमच्या घरात आईनं तेरा दिवस म्हावरं आणू दिलं नाही. वालवांगं केलं, तेही सुकट न घालता.